पेशंटजवळ कोण

कंडक्टरनं विचारलं, "बोला मावशी, कुठं?" आणि मी म्हणाले, "घरी."

मागच्या सीटवरची कॉलेजातली पोरगी फिसकन हसली. कंडक्टरनं मशीनवरचं बोट तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "घरचं तिकीट नाई भेटत बाप्पा या गाडीत. मूर्तिजापूर हाये, बडनेरा हाये, अमरावती हाये. बोला." मी घाईघाईनं अमरावती म्हणाले. त्यानं अर्धं तिकीट काढून हातात दिलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. त्याच्यापुरतं ते तिथंच संपलं. माझे मात्र कान तापले होते. लाज वाटली म्हणून नाही. परक्या माणसांच्या ओकाऱ्या उघड्या हातानं पुसलेल्या बाईला एका पोरीच्या हसण्याची काय लाज वाटायची! पण हा शब्द सहा वर्षांत माझ्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. 'भावाकडे' म्हटलं होतं, 'बहिणीकडे' म्हटलं होतं, 'इथंच, जवळच' तर हजारदा म्हटलं होतं. आणि आज तो मला न विचारता आपला आपण बाहेर आला. कुठलं घर म्हणाले मी? गाडी अमरावतीला चालली होती, तिथं साईनगरात माझ्या भावाचं, रामरावदादाचं घर. मागे अकोल्यात मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात एक खोली, सात आठवड्यांची. जिभेनं यातलं कुठलं धरलं होतं ते मला खरंच कळेना, आणि आज संध्याकाळपर्यंत नेमकं तेच मला ठरवायचं होतं.

श्रावणात गोदावहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. पोरगी आकांक्षा लग्न होऊन पुण्याला. दादा रिटायर झालेला, पण आयुष्यात स्वतःचा चहा स्वतः गाळला नाही असा माणूस. चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. "लिले, ये वं आता. कायमची ये. आपलंच घर हाये." मी म्हणाले, येते. येते म्हणजे नेमकं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इकडे उद्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, नागपूरहून तनवीर येणार होता. माझी खोली त्याच्या बापाची. ती हयातभर माझ्या नावानं राहू देतो असा कागद तो उद्या करणार होता, आणि त्यावर मला सही करायची होती. नाही केली तर खोली दुसऱ्या कुणाला तरी जाणार. डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांची काय, रांग आहे. हे सगळं डोक्यात घेऊन मी सकाळी निघाले आणि शेजारच्या शकीलाबीला फक्त एवढंच बोलले की भावाला भेटून येते. ती शिवणयंत्रावर वाकलेली होती. "जा जा," म्हणाली, "अन् भाकरी बांधून घ्या सोबत, स्टँडवरचं काही खाऊ नोका." मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते, आणि बसच्या खिडकीशी ते मला बोचत होतं.

शहर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी सुरू होतात, आणि या दिवसांत त्यांच्या काट्यांना कापूस लागलेला असतो. कापसानं भरलेल्या गाड्या जातात, घासतात, आणि प्रत्येक झाडाला आपलं थोडं थोडं ठेवून जातात. लहानपणी चांदूर रेल्वेहून मामाच्या गावी जाताना मी आईला विचारायचे, आई, या झाडाले कापूस लागते का वं? आई म्हणायची, हो, पण वेचता येत नाही. त्या कापसाकडे पाहता पाहता माझी नजर सैल झाली आणि आतलं बाहेरचं एक होऊ लागलं. माझा नवरा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंगचीच क्वार्टर, दोन खोल्या, सगळीकडे कापसाचा भुरका. भांड्यांवर, केसांत, देवाच्या डोक्यावर. एकवीस वर्षं मी तो भुरका झटकला आणि एकवीस वर्षं कुरकुर केली. मग हे गेले, एका आठवड्याच्या तापात. तेराव्यानंतर मॅनेजर आला, फार सभ्य माणूस, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, काही घाई नाही, महिनाभरानं केलीत तरी चालेल. काय केलीत ते त्यानं म्हटलं नाही. मीच समजून घेतलं. मूलबाळ नव्हतं. सामान विकलं, वाटलं, आणि दोन पिशव्या घेऊन दादाकडे अमरावतीला गेले.

तिथं मला कुणी जा म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पहिल्या दिवशी माझं अंथरूण आतल्या खोलीत होतं, आकांक्षाच्या पलंगाशेजारी. मग तिची बारावी आली, तिला दिवा लागायचा, मला झोप येत नाही म्हणून वहिनीनं अंथरूण समोरच्या बैठकीत घातलं. बैठकीत सकाळी दादाकडे माणसं यायची, म्हणून ते मधल्या बोळात आलं, माठाशेजारी. बोळातून रात्री उठायला अडचण व्हायची, म्हणून उन्हाळ्यात ते ओसरीत गेलं, वारा छान लागतो म्हणून. वारा खरंच छान लागायचा. पण पाऊस आला तरी ते आत आलं नाही. अकरा महिन्यांत एक अंथरूण पलंगापासून पायरीपर्यंत कसं आलं हे बघणारी मी एकटीच होते, बाकीच्यांना ते दिसलंही नसेल. वहिनी रोज म्हणायची, आपलंच घर समजा. समजायला लागतं तिथंच गाडं अडतं. एक दिवस मी म्हणाले, धारणीला मावसबहीण बोलावते आहे, आणि दादाच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरताना मी पाहिलं. मला त्याचा राग आला नाही. राग फार उशिरा आला, दोन वर्षांनी, एका परक्या बाईचे पाय चेपताना, आणि तेव्हा तो कुणावर काढावा ते समजेना.

धारणीत दीड वर्ष काढलं. जंगल, खराब रस्ते, जीपच्या टपावर बसलेली माणसं, आणि बहिणीच्या घरातली एक म्हातारी सासू, तिचं सगळं माझ्याकडे. म्हातारी आजारी पडली तेव्हा तिला अकोट मार्गे अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं, सोबत मी. सोळा दिवसांनी म्हातारीला सुट्टी झाली. जीपमध्ये तिला बसवलं, गाठोडं ठेवलं, आणि बहिणीचा नवरा म्हणाला, "तुमी मागून या, जागा नाई." मी मागून गेले नाही. का गेले नाही हे आजही सांगता येत नाही. पोर्चमध्ये उभी राहिले, जीप दिसेनाशी झाली, आणि वर वॉर्डातून सिस्टरची हाक आली, "बारा नंबर! पेशंटजवळ कोण आहे? पेशंटजवळ कोण?" बारा नंबरजवळ कुणीच नव्हतं. तिचा मुलगा औषध आणायला गेला होता. मी वर गेले आणि म्हणाले, "मी."

त्या एका शब्दावर मी साडेतीन वर्षं राहिले. दवाखान्यात बेघर बाईला हाकलतात, भिकारणीला हाकलतात, पण पेशंटजवळच्या बाईला कुणी हाकलत नाही. तिला तर शोधतात. शेतावर जावं लागणारे मुलगे, रोज बुडणाऱ्या सुना, अशा लोकांना दिवसभर पेशंटजवळ बसणारं कुणीतरी हवंच असतं. ते मला डब्यातलं अर्धं देत, कधी साडी, जाताना हातावर काहीतरी. नवा पेशंट, नवं नातं. मी कुणाची मावशी झाले, कुणाची काकू, आत्या, मोठी आई. एकदा तर एका सत्तर वर्षांच्या बाबाची धाकटी बहीण झाले आणि तो मेला तेव्हा खरीखुरी रडले. फरशीचा गारवा पाठीला ओळखीचा झाला. फिनेलचा वास आला नाही तर झोप लागेना. आंघोळ पहाटे बाळंतिणींच्या मोरीत, साडी जिन्यामागच्या दोरीवर. लोक विचारत, मावशी, कुठं राहता? इथंच, जवळच. एवढ्यावर भागायचं. मला वाटायचं मी मोठी हुशार आहे. सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकून मी एक अख्खी इमारत वापरते आहे, आणि माझ्याकडे भाडं मागायला कुणी येत नाही. मध्येच कधी दुपारी, पेशंट झोपलेला असताना, पंख्याकडे बघता बघता वाटायचं की मीच पेशंट आहे आणि माझ्याजवळ कोण, असं कुणीतरी ओरडतंय. मी इकडेतिकडे बघायचे. मग उठून उगीच कुणाचं तरी पाणी भरून ठेवायचे.

शकीलाबीची आई मागच्या वर्षी थंडीत आली. मांडीचं हाड मोडलेलं. शकीलाबी शाळांचे गणवेश शिवते, चार यंत्रं घरात, हंगामात तिला मान वर करायला सवड नसते. तीन आठवडे तिच्या आईजवळ मी बसले. म्हातारी मला 'बेटा' म्हणायची आणि माझ्या हातूनच दूध प्यायची. सुट्टी झाली तेव्हा शकीलाबीनं विचारलं, तुमी राहता कुठं? मी ठरलेलं उत्तर दिलं. पुढे ईद आली. आणि ही बाई माझ्यासाठी शिरखुर्म्याचा डबा घेऊन माझं घर शोधायला निघाली! 'जवळच' म्हणजे दवाखान्याच्या जवळ, एवढाच पत्ता. नव्या कपड्यांत, उन्हात, दोन तास, तिनं दवाखान्याभोवतीची एकेक गल्ली पालथी घातली. लीलाबाई कुठं राहते, लीलाबाई, उंच आहे, डाव्या गालावर तीळ आहे. किराणावाल्यांना विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. शेवटी दमून दवाखान्यातच पाणी प्यायला आली, तर मी जिन्यामागे साडी पिळत बसलेली. माझी वळकटी उघडी, कंगवा भिंतीच्या फटीत खोचलेला. तिनं वळकटीकडे पाहिलं, कंगव्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलू लागले, पेशंट आहे म्हणून इथं, वगैरे. ती खाली जमिनीवर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "आधी खा. गार झाला पार. दोन घंटे फिरवलं मले तुमी." मी खाल्ला. खाताना रडले, आणि तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. अजून आठवलं की त्या उन्हात फिरलेल्या दोन तासांची मला लाज वाटते.

बडनेऱ्याच्या आधी कुठंतरी माझा डोळा लागला असावा. कापसाच्या शेतात लोखंडी पलंग मांडले होते, ओळीनं, पांढऱ्या चादरी, आणि चादर कुठली, कापूस कुठला ते ओळखू येत नव्हतं. सिस्टर बांधावरून चालत येत होती आणि प्रत्येक पलंगाशी थांबून विचारत होती. पलंगावर कुणीच नव्हतं, तरी मी प्रत्येक वेळी 'मी' म्हणत होते. शेवटच्या पलंगाशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, अहो, मग पलंगावर कोण? जाग आली तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती आणि माझ्या मांडीवर शेजारणीचं लेकरू झोपलं होतं. तिनं केव्हा ठेवलं ते मला आठवेना. लोक माझ्याजवळ आपली माणसं सहज ठेवून जातात, माझा चेहराच तसा असावा.

खोली कशी मिळाली ते सांगायला पाहिजे, कारण ती मिळाली नाही, मिळवली, आणि मी नाही मिळवली. शकीलाबीच्या गल्लीत चौदा घरं. शफीचाचा वारल्यापासून त्यांची एक खोली दोन वर्षं कुलूपबंद होती. तनवीर, त्यांचा मुलगा, नागपूरला नोकरीला, खोली विकायच्या विचारात. शकीलाबीनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं. त्यात यास्मीन होती, कोष्ट्याची जनाबाई होती, दोन माळी बहिणी होत्या. ठरलं असं की रोज एका बाईनं तनवीरला फोन करायचा. भांडायचं नाही, हात जोडायचे नाहीत. फक्त सांगायचं की तुझे अब्बू दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्याजवळ रात्रंदिवस कोण होतं ते आठव. आता गंमत अशी की शफीचाचांजवळ मी नव्हतेच! त्यांच्याजवळ गल्लीतल्याच बाया पाळीपाळीनं होत्या. म्हणजे त्यांनी आपलं पुण्य उचलून माझ्या नावावर मांडलं. चौदा दिवस चौदा फोन. पंधराव्या दिवशी तनवीर म्हणाला, बस करा खाला, घ्या खोली, राहू द्या त्यांना. हे मला शकीलाबीनं हसत हसत सांगितलं. मी म्हणाले, पण मी त्यांना पाहिलंही नाही. ती म्हणाली, "तं काय झालं? आमच्या अम्मीजवळ तं होत्या ना. एकाच गल्लीचं हाये, हिशेब कायले करता?"

त्यांनी खोली धुतली, चुना मारला. कुणी पलंग दिला, कुणी शेगडी, कुणी तडा गेलेला आरसा. 'आपलंच घर समजा' असं एकीनंही म्हटलं नाही, ही गोष्ट मी तेव्हाच टिपून ठेवली होती. शकीलाबी म्हणाली, "कडी सैल हाये, ते तुमचं तुमी पाहा." आणि निघून गेली. मी दाराशी उभी. आत जाऊन काय करायचं असतं तेच सुचेना. पहिले काही दिवस मी पलंगावर झोपले नाही, पलंगाच्या बाजूला खाली झोपले, जसं पेशंटजवळ झोपतात. दुपारी डोळा लागला की हाक ऐकू यायची आणि मी झोपेतच 'मी' म्हणून ओरडायचे. भिंतीपलीकडून यास्मीन विचारायची, "तुमी कोन जी?" आणि खिदळायची. मी पण हसायचे. पण खरं सांगू? मला भीती वाटत होती. चांगुलपणाची भीती. मी वाट बघत होते, आज अंथरूण सरकेल, उद्या सरकेल. चौदा बायकांचे उपकार एका खोलीत मावत नाहीत, श्वास कोंडतो. दादाचा फोन आला तेव्हा मला एका परीनं सुटल्यासारखं झालं होतं, हे मी आत्ता, बडनेऱ्याच्या फाटकाशी, प्रथमच स्वतःशी कबूल केलं. भावाकडे राहिलं तर उपकार नाहीत. तिथं मी वहिनीचं करेन, दादा मला जेवू घालेल, फिट्टंफाट. ते मला येतं. त्यात मी पारंगत आहे.

दादा दारातच उभा होता. म्हातारा झाला होता, बनियनवर, दाढी वाढलेली, आणि मला बघून त्याचे डोळे भरले. माझेही भरले. तो माझा भाऊ आहे, मला सायकलवर पुढे बसवून शाळेत नेणारा; त्याच्याबद्दल वाकडं सांगायला मी बसलेले नाही. त्यानं माझा हात धरला आणि थेट आतल्या खोलीत नेलं. आकांक्षाची खोली. पलंग, नवी कोरी गादी, वर प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. खिडकीला पडदा. कपाटाचा एक कप्पा रिकामा करून पुसलेला. "हे तुयं," तो म्हणाला. "तेव्हा आमचं चुकलं, लिले. गोदाबी म्हणते." मी पलंगाच्या कडेवर बसले आणि प्लॅस्टिक करकरलं. पायरीपासून पलंगापर्यंत अंथरूण परत आत आलं होतं. सहा वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती समोर होती आणि ती खरी होती, कुणी फसवत नव्हतं.

मग शेजारच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज, आणि दादा म्हणाला, "जाय, पाह्य तिले." मी गेले. वहिनीचं अंग वाळून काटकी झालं होतं. चादर ओली होती, बहुधा सकाळपासून. माझे हात आपोआप चालू लागले. तिला कुशीवर घेतलं, चादर गुंडाळत पाठीमागे सारली, कोरडी घातली, परत कुशीवर, कमरेखाली दुमडलेला पंचा, टाचेखाली उशी. तीन मिनिटं लागली असतील. दादा दारात उभा राहून बघत होता. "तुले किती सोपं जाते वं हे सारं," तो म्हणाला. इतक्या सुटकेनं म्हणाला की जणू त्याचाच ताप उतरला. वहिनीनं डाव्या हातानं माझा अंगठा धरला, डोळ्यांतून पाणी, आणि जड जिभेनं म्हणाली, "राय." राहा. कुणी मला आयुष्यात एवढ्या गरजेनं राहा म्हटलं नव्हतं. मी राहिलेच असते. होकार ओठांवर आला होता. आणि तेवढ्यात माझ्या पिशवीतला बटनांचा फोन वाजला.

"लीलाताई, चाबी कुठं टांगली?" शकीलाबी ओरडत होती. तिच्यामागे भांड्यांचा आवाज, बायकांचा कालवा.

"कशाची चाबी?"

"कशाची म्हंजे? तुमच्या खोलीची! नळ आला ना!"

अकोल्यात आमच्या भागात नळ रोज येत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी येतो, कधी येईल त्याचा नेम नाही, आणि तासाभरात जातो. म्हणून गल्लीत रीत आहे की बाहेर जाणाऱ्या बाईनं चावी शकीलाबीच्या चौकटीला टांगायची. जी घरी असेल ती सगळ्यांचं भरते. मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण सहा वर्षं जिनं आपलं सगळं स्वतःच्या अंगावर बाळगलं तिच्या हाताला चौकट कशी आठवणार? चावी माझ्या पोलक्यात होती, रुमालात बांधलेली.

"माझ्याजवळ हाये," मी म्हणाले.

"तुमच्याजवळ? अमरावतीले? तिथं कोन्ता नळ भराले नेली?" मागे बायका हसल्या. "बरं, ऐका आता. यास्मीननं खिडकीतून पाइप टाकला. काठीनं भांडी वढली एकेक. बकेट भरली, गुंड भरला, कुकर भरला, चहाचं गंजबी भरलं. पन पाइप सुटला हातातून. तुमची गादी भिजली. सारी. चादर, उशी, सारी वली. वाळाले टाकाव तं आत जाता येत नाई. कुलूप तोडू का?"

"नोका तोडू."

"मंग कव्हा येता?"

मी पोलक्यातली चावी चाचपली. ती थांबली. आणि मग जरा खालच्या आवाजात, मघाचा सगळा कालवा बाजूला सारून म्हणाली, "येता ना?"

तिला ठाऊक होतं. सकाळी यंत्रावर वाकलेली असतानाही तिला ठाऊक होतं, आणि तरी तिनं भाकरी बांधून घ्यायला सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातच इतकं बरं वाटलं, की मी दारच धरलं. माझं सगळं तिकडे ओलं होऊन पडलं होतं. माझ्या चुकीनं, त्यांच्या घाईनं. त्या मला शिव्या देत होत्या. कुणी म्हणत नव्हतं की काही हरकत नाही. "येऊन राहिली," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

"कोन होतं वं?" दादानं विचारलं.

"शेजारीण." मी फोन पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "दादा, माझी गादी भिजली. मले जा लागते."

"गादीसाठी?" त्याला वाटलं मी थट्टा करते. "अवं, इथं नवी गादी आनली ना तुयासाठी."

"पाह्यली. लय चांगली हाये."

"मंग?"

मला यापेक्षा मोठं कारण देता येईना. मी म्हणाले, उद्या त्या खोलीच्या कागदावर मी सही करणार आहे. म्हणाले, दवाखान्यात अजून माझ्यासारख्या चौघी आहेत, पेशंटजवळ बसतात, त्यांतली एक कमल, हात फार हलका आहे तिचा, तिला मी परवा घेऊन येईन. "पन तिले पगार दे जो. अन् हे आतली खोली दे जो, प्लॅस्टिक काढून. वहिनीचं कसं करायचं ते मी तिले चार दिवस राहून शिकवतो." दादा ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. तो दुखावला होता. भिंतीकडे बघत म्हणाला, "सख्ख्या भावापेक्षा गल्लीतल्या बाया जवळच्या झाल्या तुले." त्याला उत्तर देता आलं असतं, पण ते त्याला लागलं असतं, आणि मला त्याला लावायचं नव्हतं.

तेव्हा वहिनी काहीतरी म्हणाली. मी वाकले. तिनं माझा अंगठा अजून सोडला नव्हता. परत म्हणाली, तोंड वाकडं करत, एकेक अक्षर उचलत. "ऊन... जाईल." मला आधी कळलं नाही. तिनं डोळ्यांनी खिडकीकडे दाखवलं, बाहेरच्या उन्हाकडे, आणि अंगठा सोडला. तीस वर्षं गाद्या वाळवलेल्या बाईला बरोबर कळलं होतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. माझं अंथरूण सरकवणारे हे हात, आता एक पलंगावर पडलेला आणि दुसरा मला जा म्हणणारा. तिच्यावरचा राग शोधून पाहिला, नव्हता.

दादा फाटकापर्यंत आला. रिक्षा थांबवून दिली. मी रिक्षात बसले, मग पुन्हा खाली उतरले. "दादा, पंधरा दिसावर दिवाळी हाये. भाऊबीजेले मले घ्यायले ये."

"घ्यायले?" तो म्हणाला. "तुले कायले घ्यायले ये लागते?"

"मायरी यायचं तं भाऊ घ्यायले येतच असते. इतके वर्स मले मायरच नवतं. मायरी याले आधी कुठून तरी निंघा लागते."

त्याला समजायला वेळ लागला. त्याच्या दाढीत ऊन पडलं होतं, आणि तो मला सायकलवरच्या दादासारखा दिसला, चढावावर दम लागलेला, तरी न उतरणारा. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"बरं," दादा म्हणाला. "येतो. पन येऊ कुठं?"

मी त्याला सांगितलं. जुनं शहर, पूल ओलांडला की डाव्या हाताची दुसरी गल्ली, लिंबाच्या झाडापाशी शिवणयंत्रांचा आवाज येईल, त्याच्या शेजारचं दार. "शफीचाचाची खोली म्हनशीन तं अजून कोनीबी दाखवीन," मी म्हणाले. "पन तू तसं विचारू नोको. लीलाबाईचं घर कोन्तं, असं विचार."